दोन रांजण पाणी

वर्ध्याच्या बाहेर, हमरस्त्याला लागून असलेल्या त्या शाळेत काचेचा उभा फ्रीज आला, तेव्हा सगळ्यात जास्त खुश झाली ती कँटीनवाली मोहिनी उमाटे. तेव्हा दहा वर्षं ती ते कँटीन चालवत होती. पहाटे साडेचारला उठायचं, बटाटे उकडायचे, पोह्यांवर घालायला चण्याचा झणझणीत रस्सा करायचा, आणि नवरा धनंजय ड्युटीवर जाताना त्याच्या गाडीला डबे बांधून नऊच्या आत शाळा गाठायची. मधल्या सुट्टीत दोनशे पोट्टे एकदम काउंटरवर तुटून पडायचे. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हातांवर तेलाच्या चटक्यांचे डाग होते.

फ्रीज आला आणि सुटल्यासारखं झालं. दार उघडायचं, थंड्याची बाटली काढायची, द्यायची. सोबत मऊ क्रीमचे केक आणि चॉकलेटं. एजन्सीचा पोरगा रजत दर मंगळवारी माल लावून जायचा. दोन महिन्यांत रस्सा बंद झाला, सहा महिन्यांत पोहे. आलुबोंडा तेवढा उरला, तोही एका घाण्यापुरता. मोहिनी सकाळी सहापर्यंत झोपू लागली, आणि दुपारी तीही एक नारिंगी बाटली रिचवू लागली.

फ्रीज शाळेत येण्याला निमित्तही तसंच घडलं होतं. समोरच्या पानठेल्यावर थंडा प्यायला पोरं रस्ता ओलांडून पळायची. नववीतल्या एका पोरीला मोटरसायकलनं उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला. तिला उचलून रिक्षात घालणाऱ्यांत मोहिनीच होती. त्यानंतर संस्थेचे सचिव महादेवराव म्हणाले, पोट्टे बाहेर जाऊन पेतेत ना, मग आतच मिळू द्या. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मोहिनीनंही वाजवल्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, इला नावाची सहावीतली एक मुलगी काउंटरशी येऊन उभी राहिली.

सकाळची शाळा सुरू व्हायला अजून पंधरा दिवस होते, आणि ऊन मात्र एप्रिलचं पडलं होतं. पत्र्याखाली उभं राहावत नव्हतं. गर्दी ओसरल्यावर ही मुलगी हळूच म्हणाली, "काकू, पाणी आहे का?"

मोहिनीनं सवयीनं फ्रीजच्या दाराला हात घातला. "कोणता देऊ? पिवळा का काळा?"

"थंडा नाई काकू. पाणी. पैसे नाई आणले मी."

"बाटली कुठं तुही?"

"संपली. दुसऱ्याच तासाले."

"मग नळावर जाय ना."

"नळाचं पाणी पेल्या जात नाई," इला म्हणाली. "गरम येते."

मोहिनीनं घरून आणलेली आपली बाटली तिच्यापुढं केली. पोरीनं ती तोंडाला लावली, ती खाली ठेवली तेव्हा तळाशी दोन घोटही नव्हते. मग तिला लाज वाटली असावी. ओढणीनं तोंड पुसत ती म्हणाली, "सॉरी काकू."

"सॉरी कायची? मग रोज काय करते तू?"

"घरी गेल्यावर पेते."

"पाच वाजतपर्यंत?"

"हाव. आमच्या वर्गातल्या बहुत पोरी तसंच करतेत. थंड्याले पैसे असले त थंडा पेतेत." थोडं थांबून, आजूबाजूला पाहून ती हळू आवाजात म्हणाली, "मले मागच्या महिन्यात बाथरूमले जळजळ झालती. डॉक्टर म्हणे पाणी कमी पेते. मम्मी मलेच रागावली."

इला निघून गेली. मोहिनीनं काउंटरची फळी खाली पाडली आणि उन्हातून चालत ती व्हरांड्याच्या टोकाशी गेली. तिथं भिंतीला पाच नळ होते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून त्यांना पाणी यायचं. शेजारी स्टीलचा वॉटर कूलर होता, दिवाळीपासून बंद. त्याच्या डोक्यावर कुणीतरी खडूचे डबे रचून ठेवले होते. मोहिनीनं पहिला नळ सोडला आणि खाली तळहात धरला. झटकन मागे घेतला. चहाला ठेवलेलं पाणी उकळायच्या थोडं आधी जसं होतं, तसं.

दोन वर्षं ती रोज शंभर-सव्वाशे बाटल्या विकत होती, आणि आजपर्यंत तिची समजूत होती की पोरांना गोडाची चटक लागली आहे. चटक होतीच. पण यातली कितीतरी पोरं नुसती तहानेनं येत होती, आणि ज्यांच्याजवळ पैसे नव्हते ती पाच वाजण्याची वाट पाहत बसत होती, हे तिला नळाखाली हात धरेपर्यंत कळलं नव्हतं. स्वतःचाच राग आला तिला.

त्याच पावली ती मुख्याध्यापकांकडे गेली. अच्युत सर माणूस भला होता. पोरांची नावं त्यांना पाठ असायची, कुणाचा बाप वारला तर घरी जाऊन यायचे. पण सचिवांचं नाव निघालं की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

"अर्ज केलाय ना ताई," ते म्हणाले. "कूलरचा अर्ज जानेवारीतच केलाय. वर पेंडिंग आहे."

"सर, एकदा नळाखाली हात धरून पाहा."

"मला माहीत आहे हो. पण पोरांना थंडा मिळतोय ना तोवर? अगदीच काही नाही असं नाही."

"थंडा पाणी नाई, सर."

"आणि फ्रीज नसता तर पोरं पुन्हा रस्ता ओलांडतील. तुम्हीच त्या पोरीला उचललं होतं, विसरलात?"

मोहिनी विसरली नव्हती. त्या पोरीची किंकाळी अजून तिच्या कानात होती. ती बाहेर आली. सरांना द्यायचं उत्तर तिला घरी पोचेपर्यंत सापडलं. पोरगं रस्ता ओलांडतं ते गार काहीतरी प्यायला. हाताशी गार पाणी असलं तर निम्मी पोरं हलणारसुद्धा नाहीत.

संध्याकाळी तिनं धनंजयला सांगितलं, "मले उद्या दोन रांजण पायजेत. कुंभाराकडून आणून दे."

धनंजय दवाखान्यात रेकॉर्डच्या खोलीत कारकून होता. आयुष्यभर फायली जागच्या जागी ठेवत आलेला माणूस. तो म्हणाला, "तू कायले मधात पडते? शाळा त्याईची, फ्रीज त्याईचा."

"अन् तहान कोणाची?"

"एजन्सीवाला बोंबलन. त्याईचा नियम आहे ना, कँटीनमधी दुसरं थंडं काही विकाचं नाई."

"मी विकून राह्यली का? पाणी कोणी विकते का लेकराईले?"

"आजकाल विकतेत," धनंजय म्हणाला. पण सकाळी उठून तो रांजण घेऊन आला. गाडीवर मावत नव्हते म्हणून ऑटो करून आणले.

मोहिनीनं ते कँटीनच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, ओल्या रेतीवर मांडले. बाहेरून गोणपाट गुंडाळलं. आत वाळ्याची एकेक जुडी सोडली. झाकणं घातली, लांब दांड्याची ओगराळी ठेवली, आणि टाकी तापायच्या आत, साडेआठलाच, शाळेच्या विहिरीवरच्या मोटरीचं पाणी बादल्यांनी आणून ते काठोकाठ भरले. चौकीदारी आणि शिपाईगिरी दोन्ही करणारे अण्णाजी लांबून पाहत होते. मग न बोलता त्यांनी तिच्या हातातली एक बादली घेतली.

पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत दोन्ही रांजण कोरडे झाले. तिसऱ्या दिवशी पोरांनी रांग लावायला स्वतःच शिकून घेतलं. पोरी घोळक्यानं यायच्या, बाटल्या भरून वर्गात न्यायच्या. मोहिनीला सारखी विहिरीकडे खेप घालावी लागायची. कंबर धरली, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तिनं पुन्हा पोहे केले. चण्याचा रस्सा केला. गोड थंड्यासोबत तिखट रस्सा जात नाही, पाण्यासोबत जातो, हे तिला बारा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. पातेलं अर्ध्या सुट्टीतच रिकामं झालं.

मंगळवारी रजत आला. फ्रीज उघडून पाहिला तर निम्म्याहून जास्त बाटल्या जागेवर.

"काय झालं ताई? लाइट गेलती का?"

"लाइट आहे. तहान गेली," मोहिनी म्हणाली आणि बोटानं रांजण दाखवले.

रजत हसला. पोरगा वाईट नव्हता, त्याला वरून टार्गेट होतं. "ताई, मी काही बोलत नाई. पण शनिवारी आमचे साहेब येऊन राह्यले. क्रीडा साहित्याचं वाटप आहे. फुटबॉल, नेट, सगळं फ्री. अन् मधल्या सुट्टीत हरेक पोट्ट्याले एक बाटली अन् एक केक. तुमच्याच हातानं वाटप आहे, फोटो निघन. त्या दिवशी हे रांजण तेवढे..." त्यानं हातानं बाजूला सारल्यासारखं केलं.

"तेवढे काय?"

"नजरेआड करजो, बस."

मोहिनी काउंटर पुसायला लागली. रजतला वाटलं, ती कबूल झाली.

शुक्रवारी दुपारी सचिव महादेवराव स्वतः तयारी पाहायला आले. पांढरा शर्ट, गॉगल, मागे अच्युत सर आणि दोन शिक्षक. मैदानात मंडप पडला होता. सगळं बघत बघत ते कँटीनशी आले आणि गोणपाटात गुंडाळलेले रांजण पाहून थांबले. मधली सुट्टी नुकतीच लागली होती. पन्नासेक पोरं रांगेत होती.

"हे काय लावलं बाई?"

"पाणी आहे, साहेब."

"ते दिसते मले. उघडं पाणी! उद्या पोट्टे बिमार पडले त पेपरात नाव कोणाचं येईन? तुमचं का माहं?"

"झाकणं आहेत. रोज घासून भरते. नळाले हात लावून पाहा, मंग सांगा कोणतं पाणी पेण्यासारखं आहे."

"मोहिनीताई..." अच्युत सर मध्येच म्हणाले. नुसतंच तिचं नाव.

महादेवराव हसून म्हणाले, "हे पाहा, समजून घ्या. ज्या कंपनीचा फ्रीज आहे ते शाळेले मैदान करून देऊन राह्यले. सामान देऊन राह्यले. तुमच्या-माह्या खिशातून होते का हे? पोट्ट्याईले आवडते, मायबाप स्वतः घरी पाजतेत, मंग शाळेनं देल्लं त काय जहर देल्लं?"

"घरी पाजतेत ते त्याईचं त्याईले माहीत," मोहिनी म्हणाली. "शाळेत लेकरू आमच्या भरवशावर असते. इथं पहिले पाणी भेटलं पायजे. मंग ज्याले जे पेवाचं ते पेऊ द्या."

"भाषण नका देऊ. अण्णाजी, उचला हे. स्टोअरमधी ठेवा."

अण्णाजी पुढं आले. रांजणाच्या कडेला हात लावला आणि तसेच उभे राहिले. "भरून आहे, साहेब. हलत नाई."

"मंग ओता."

अण्णाजींनी रांगेकडे पाहिलं. रिकाम्या बाटल्या हातात धरून पोरं उभी होती. सगळ्यात पुढं एक पाचवीतलं पोरगं, उन्हानं लालबुंद झालेलं. अण्णाजींनी हात मागे घेतला.

"पाणी कसं ओतू, साहेब?" ते म्हणाले. "लेकरं उभी आहेत ना."

त्यांनी हे इतक्या साधेपणानं म्हटलं की कुणाला ते आज्ञाभंग वाटलंच नाही. महादेवरावांना मात्र वाटलं. पन्नास पोरांसमोर आणि दोन शिक्षकांसमोर शिपायानं नाही म्हटलं होतं. ते स्वतः पुढं झाले, रांजणाच्या गळ्याला दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो कलता केला. गोणपाट सुटलं, झाकण गडगडत गेलं आणि पाणी भसाभस बाहेर पडलं. वाळ्याची जुडी ओल्या रेतीत येऊन पडली. पाणी वाहत वाहत पोरांच्या बुटांपर्यंत गेलं. तापलेल्या फरशीवर पाच मिनिटांत त्याचा डागसुद्धा उरणार नव्हता.

पोरांचा गलका नसलेली मधली सुट्टी मोहिनीनं बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

तिला वाटलं होतं, अशा वेळी आपल्याला रडू येईल. आलं नाही. उलट डोकं गार झालं. ती काउंटरच्या मागून बाहेर आली, दुसऱ्या रांजणाच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "याले हात नका लावजो."

"काय?"

"म्हटलं, याले हात लावू नका. बजाज चौकात तुमच्या नावाची पाणपोई आहे, साहेब. तुमचा एवढा मोठा फोटो आहे तिथं. मी पेली आहो ते पाणी. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाले तुम्ही पाणी पाजता, अन् तुमच्या शाळेतल्या लेकराईच्या पुढचं पाणी तुम्ही सांडता?"

महादेवरावांच्या गॉगलमागं काय चाललं होतं ते दिसलं नाही, पण मान लाल झाली. "एकतीस तारखेले कँटीन खाली करा," ते म्हणाले. "उद्याचं वाटप करा, अन् मंग निघा."

"एकतीस तारीख कायले? आजच घ्या." मोहिनीनं कमरेची किल्ली सोडली. महादेवरावांनी हात पुढं केला नाही, म्हणून तिनं ती अच्युत सरांच्या हातात दिली. "वाटप ज्याले कराचं त्यानं करावं. माह्या हातानं नाई होणार. लेकरू उन्हातून पाणी मागत येते अन् मी त्याच्या हातात साखर देते, हे दोन वर्षं केलं मी. आता बस."

अच्युत सर किल्लीकडे पाहत राहिले. "ताई, असं रागाच्या भरात..."

"राग नाई आला मले, सर," मोहिनी म्हणाली. "यायले पायजे होता. दोन वर्षाआधी."

शनिवारी मंडपात भाषणं झाली, फुटबॉल वाटले गेले आणि प्रत्येक पोराला एक बाटली आणि एक केक मिळाला. मोहिनी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून हे ऐकत होती. अण्णाजींनी कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही रांजण हातगाडीवर घालून तिथं आणून दिले होते. बाजूच्या घरची सून आपल्या बोअरचं पाणी द्यायला तयार झाली होती. आतून पोरांचा जल्लोष ऐकू आला. फुकटची बाटली कोण सोडेल? तिच्यासाठी कुणी थांबेल अशी आशा तिनं धरली नव्हती, तरी लागलं ते लागलंच.

अर्ध्या तासानं फाटकाच्या गजांतून एक हात बाहेर आला. हातात रिकामी बाटली.

"काकू, पाणी द्या ना." इला होती. ओठांना केकचं पांढरं क्रीम लागलेलं.

"थंडा भेटला ना तुले?"

"भेटला. मस्त होता." इला खोटं बोलणारी नव्हती. "पण गोड पेलं का अजून तहान लागते."

मोहिनीला हसू आलं. तिनं बाटली भरून दिली. इलाच्या मागे आणखी सात-आठ हात गजांतून बाहेर आले. मग वीस. दुपारपर्यंत ती गजांतूनच पाणी देत राहिली.

सोमवारपासून फ्रीजवर एजन्सीचा एक पोरगा बसू लागला, आणि त्याच दिवशी महादेवरावांनी ग्रामपंचायतीत अतिक्रमणाची तक्रार केली. ग्रामपंचायतीचा माणूस मोजपट्टी घेऊन आला. तो कडुनिंबाच्या सावलीत बसून दोन ग्लास पाणी प्यायला, त्यानं रांजणांकडे पाहिलं आणि मोजपट्टी खिशात घातली. "मार्च महिन्यात पाणपोई कोण उठवन, बाप्पा? पाप घेवाचं का मले?" म्हणाला, आणि निघून गेला.

पण मोहिनीला पाणपोई चालवायची नव्हती. फाटकाच्या बाहेरचं पाणी हा उपाय नव्हे, हे तिला कळत होतं. शाळा सुटायच्या वेळी पोरांना न्यायला आईबाप यायचे. उन्हातून आलेले ते पाणी प्यायचे आणि हमखास विचारायचे, "ताई, तुम्ही बाहेर कशा? कँटीनचं काय झालं?"

मोहिनी कुणाला कहाणी सांगत बसली नाही. सचिवांनी पाणी ओतलं हेही तिनं सांगितलं नाही. ते पोरांनी घरोघरी सांगितलंच होतं. ती एवढंच म्हणायची, "आत जा. व्हरांड्याच्या टोकाले पाच नळ आहेत. एकाखाली हात धरून पाहा, अन् या."

पहिली गेली ती इलाची आई, रूपाली. कोर्टात टायपिस्ट होती, घाईतली बाई. ती आत गेली ती घाईत, परत आली ती सावकाश, ओला हात पदराला पुसत. मोहिनीपुढं येऊन उभी राहिली. "मी पोरीले बोलली हो," ती म्हणाली. "म्हटलं, आळस करते, पाणी पेत नाई. मारलंसुद्धा एकदा."

"मीही दोन वर्षं थंडा विकला," मोहिनी म्हणाली. "आता जे कराचं ते करू."

मग रोज चार-पाच जण आत जाऊ लागले. कुणी शेतकरी, कुणी बँकेतला, कुणी मास्तर. एकाच नळाखाली हात, आणि सगळ्यांचा हात तसाच झटकन मागे. धनंजयसुद्धा एका संध्याकाळी आत जाऊन आला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून अर्धी सुट्टी टाकून मोहिनीसोबत पाणी भरायला आला.

आठवड्याच्या शेवटी रूपालीनं पालकांची सभा मागितली. अच्युत सरांनी ती लावली. महादेवराव आले नाहीत. साठ-सत्तर माणसं वर्गाच्या बाकांवर अडचणीनं बसली होती. मोहिनी दारात उभी. मतं सारखी नव्हती. एक गृहस्थ म्हणाले, पोरांना थोडं गोड मिळालं तर काय बिघडतं, आम्ही काय बर्फाचे गोळे खाल्ले नाहीत? दुसरे म्हणाले, शाळेनं विकूच नये, विकायचं असेल तर दाणे-गूळ विका, ताक विका. तिसरी बाई म्हणाली, फ्रीज काढला की पोरं रस्त्यावर जातील, मग जबाबदारी कुणाची? आवाज चढले. एका बाईनं रस्त्याच्या बाजूचं फाटक सुट्टीत बंद ठेवा म्हटलं, त्यावरही वाद झाला.

शेवटी रूपाली उठली. "फ्रीज राहीन का जाईन, त्यावर वर्षभर भांडा," ती म्हणाली. "पण कूलर कधी होईन ते सर आत्ता सांगतीन. आम्ही तोपर्यंत उठत नाई."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. अच्युत सरांनी टेबलावरची फाइल उघडली, जानेवारीतला अर्ज काढला. मग तो घडी करून खिशात टाकला. "वरून मंजुरी यायची वाट मी पाहत बसलो," ते म्हणाले. "ती माझी चूक. मंगळवारपर्यंत कूलर सुरू होईल. मंजुरी असो वा नसो. आणि तो सुरू होईपर्यंत रांजण आत येतील. फ्रीजला मधल्या सुट्टीत कुलूप राहील. मला काय विचारायचं ते संस्था मला विचारेल."

या वेळी त्यांचा आवाज खाली आला नाही. मोहिनीनं तो तसा पहिल्यांदाच ऐकला.

मंगळवारी नाही, पण गुरुवारी कूलर सुरू झाला. टाकीवर पत्र्याची सावली आली. फ्रीज सुट्टीत कुलपात राहू लागला तसा रजतच्या साहेबांना त्यात रस उरला नाही. एप्रिलमध्ये टेम्पो येऊन तो घेऊन गेला. फुटबॉलचं नेट मात्र राहिलं, आणि पोरं त्यात गोल मारत राहिली.

मोहिनीला कँटीन परत मिळालं नाही. संस्थेनं ते कुलूप लावून तसंच ठेवलं. उन्हाळा सरायच्या आत तिनं सावंगीत, मेडिकल कॉलेजच्या पोरांच्या वसतिगृहांच्या वाटेवर, आपला स्वतःचा ठेला लावला. पोहे, रस्सा, आलुबोंडे, ताक. पुन्हा पहाटे साडेचारला उठणं आलं. हातावर नवे चटके आले.

जूनच्या शेवटी, शाळा उघडायच्या दोन दिवस आधी, अच्युत सर ठेल्यावर आले. बाकावर बसले, चहा घेतला. हातात टाइप केलेला कागद होता.

"संस्था कँटीन तुम्हालाच द्यायला तयार आहे, ताई. दुसरं कुणी मिळालं नाही त्यांना. फक्त एवढ्यावर सही पाहिजे."

मोहिनीनं हात पुसून कागद घेतला. मार्च महिन्यात माझ्याकडून गैरवर्तन झालं, त्याबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही, असा मजकूर होता. खाली तिचं नाव, सहीसाठी रेघ. तिनं तो दोनदा वाचला. बारा वर्षांचं कँटीन होतं ते. त्याच्या पत्र्यात कुठून पाणी गळतं तेही तिला ठाऊक होतं.

"पोरी पाणी पेतेत का, सर?" तिनं विचारलं.

"परीक्षेपर्यंत रांग लागत होती. आता उघडली की पुन्हा लागेल."

"बस मग." तिनं कागद घडी न करता त्यांच्यापुढं ठेवला. "चूक असती त सर, त्याच दिवशी साहेबाच्या पाया पडून मोकळी झाली असती. यावर सही नाई होत माह्याकडून."

"विचार करा. घाई नाही."

"केला. मार्चपासून तोच करून राह्यली."

सरांनी आग्रह केला नाही. कागद उचलला, खिशात घालायला गेले, मग हातातच धरून ठेवला. समोरून पांढऱ्या कोटातल्या पाच-सहा पोरांचा घोळका येत होता आणि त्यातला एक लांबूनच ओरडला, "काकू, सहा प्लेट! रस्सा जास्त!"

"लांबूनच काय बोंबलता? या इकडं!" मोहिनी ओरडली, आणि तिनं कढईत झारा घातला.